नव्या राजवाड्यातल्या रंगीत काचा

३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. वय अवघे वीस. इंग्लंडचा दौरा आटोपून ते परत निघाले होते. अर्नो नदीच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथे त्यांचा अर्धपुतळा व त्यावर छत्री उभी राहिली. त्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला.

१८७७ ते १८८४ एवढा काळ हे काम चालले. मँट १८८१ मध्येच वारले. बडोद्याच्या लक्ष्मीविलासप्रमाणे हा वाडाही पुरा झालेला त्यांना पाहता आला नाही. १८८४ हेच शाहू महाराजांच्या दत्तकविधानाचेही वर्ष.

युरोपातल्या बरोक राजवाड्यांशी तुलना केली की या वास्तूचे वेगळेपण कळते. व्हिएन्नाचा बेल्व्हेडेर सेनापती युजीन यांनी बांधला. तिथे दोन वाड्यांमध्ये उतरती, रेखीव बाग आहे. १७८१ पासून तिथला शाही चित्रसंग्रह सामान्यांनाही पाहता येऊ लागला. कोल्हापुरात घाट निराळा: घोटीव काळा दगड, मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, गुजरात-राजस्थानच्या मंदिरांची नि हवेल्यांची नक्षी, शिवाय इथल्या वाड्यांची धाटणी. आवारात तळे आणि हरणे. राजघराणे आजही इथेच राहते. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे.

बहुतेक प्रेक्षक तलवारी, बंदुका आणि पेंढा भरलेल्या वाघांपुढे रेंगाळतात. शिकारीचे वाघ लहान मुलांना भुरळ घालतात, हेही खरेच. पण संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू कुठल्याही कपाटात नाही. ती म्हणजे खुद्द दरबार हॉल. दोन मजले उंचीचे हे दालन, दोन्ही अंगांना महिरपी, वर ओतीव लोखंडी कठड्याचा सज्जा, एका टोकाला सिंहासनाची बैठक. महिरपींत रंगीत काचा बसवल्या आहेत आणि त्यांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. काचेवर रंगकाम करण्याची कला युरोपातल्या चर्चची. कथा मात्र सह्याद्रीतली. ऊन काचेतून आत येते तेव्हाच चित्रे खुलतात, म्हणून तिथे दिवसाउजेडीच जावे.

दूरचे आणि इथले कसे एकत्र येते हे पाहण्याची हीच दृष्टी कोल्हापुरातल्याच टाऊन हॉलच्या संग्रहालयातही कामी येते. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती तिथे आहे. भूमध्य समुद्राकडून पंचगंगेच्या काठापर्यंत चाललेल्या व्यापाराचा तो हातात मावेल एवढा पुरावा.

कोल्हापूरकर पाहुण्यांना अंबाबाईचे दर्शन घडवतात, रंकाळ्यावर नेतात, तांबडा-पांढरा रस्सा जेवू घालतात. त्यात अर्धा दिवस या दोन वास्तूंसाठी काढावा, आणि दरबार हॉलमध्ये मुलांना महिरपींतले शिवचरित्र एकेक प्रसंग दाखवत समजावून सांगावे.