गुळवेलीची परीक्षा



बोरिवली किंवा मुलुंडच्या जुन्या वसाहतींमधून फेरफटका मारला, तर एखाद्या कुंपणावर किंवा कडुनिंबाच्या बुंध्यावर गुळवेल चढलेली हमखास दिसते. वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. २०२० साली कोरोनाचे संकट कोसळले आणि घरोघरी तिचे काढे उकळू लागले. पाठोपाठ २०२१ साली मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे शोधनिबंधातून मांडले. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलेलेच नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून तशाच आणखी रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

वाद पेटला. हे आयुर्वेदाच्या बदनामीचे कारस्थान आहे, असे एक पक्ष म्हणू लागला. आयुर्वेद म्हणजेच थोतांड, असे दुसरा पक्ष म्हणू लागला. या कोलाहलात आजारी माणसाचा साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. हे औषध कोणाला द्यावे, किती द्यावे, किती दिवस द्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये?

असा प्रश्न कसा सोडवावा, याची रीत याच मुंबईत, याच गुळवेलीच्या निमित्ताने, तीन दशकांपूर्वी एका प्राध्यापिकेने घालून दिलेली आहे. त्यांचे नाव डॉ. शरदिनी डहाणूकर.

स्वाभिमानाच्या पायावरील विद्यालय

परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली सुरू झाले आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली. परकीय राजवटीत मोठ्या वैद्यकीय पदांवर गोऱ्या अधिकाऱ्यांची मक्तेदारी असे. अशा काळात या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी एक अट घातली होती: येथील अध्यापक पात्र भारतीयच असले पाहिजेत. भारतीय माणूस वैद्यकशास्त्र शिकू शकतो, शिकवू शकतो आणि त्यात नवी भरही घालू शकतो, हा विश्वास त्या अटीमागे होता.

१९४५ साली जन्मलेल्या डॉ. डहाणूकर याच महाविद्यालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापिका आणि विभागप्रमुख झाल्या. मराठी वाचकांना त्या ‘फुलवा’, ‘वृक्षगान’ अशा पुस्तकांमुळे परिचित आहेत. झाडांवर त्यांनी जीव ओतून लिहिले. परंतु त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य प्रयोगशाळेत आणि वर्गात घडले. आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयात आयुर्वेदाचे नाव काढणे म्हणजे हसे करून घेणे, असे वातावरण ज्या काळात होते, त्या काळात १९८९ साली त्यांच्या पुढाकाराने के. ई. एम. मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘आयुर्वेद रीव्हिजिटेड’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे केंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात होते, याचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. औषधशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी, शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि वॉर्डातील रुग्ण हे तिघे तेथे एकाच छताखाली होते. संशोधन आणि अध्यापन यांच्यातील भिंत त्यामुळे आपोआप पातळ झाली.

प्रश्न वॉर्डातला, उत्तर वेलीतले

के. ई. एम. मधील शल्यचिकित्सकांपुढे एक जुनी अडचण होती. पित्तनलिका बंद झाल्याने होणाऱ्या काविळीत रुग्णाची शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होई, तरीही पुढे रक्तात जंतुसंसर्ग पसरून अनेक रुग्ण दगावत. अशा काविळीत जंतूंना गिळणाऱ्या आणि मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळच खचलेले असते. प्रतिजैविके बाहेरून मदत करतात; पण आतले सैन्यच थकले असेल तर काय करावे?

आयुर्वेदात ‘रसायन’ नावाची एक संकल्पना आहे. शरीराचे बळ आणि व्याधीशी झुंजण्याची शक्ती वाढवणारी द्रव्ये ती रसायने. ‘अमृता’ या नावाने गौरवलेली गुळवेल त्यांपैकीच एक. डॉ. डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याविषयीच्या परंपरेच्या विधानाला प्रश्नाचे रूप दिले आणि तो तपासायला घेतला.

या अभ्यासाचा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. तीस रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. दोन्ही गटांना ‘क’ जीवनसत्त्व नव्हे, तर रक्त गोठण्यास आवश्यक असे ‘के’ जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि साचलेल्या पित्ताचा निचरा हे रूढ उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्या निचऱ्याच्या काळात गुळवेलही दिली गेली, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सोळा मिलिग्रॅम. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत जंतुदोषाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकातही दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ९२.४ टक्के आढळले. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले होते. फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या क्षमतेत.

तीस रुग्ण ही संख्या लहान आहे आणि एवढ्यावर सर्व काविळींवर गुळवेल द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. या निबंधाचे मोल त्याच्या शिस्तीत आहे. रोग ठरलेला, मात्रा ठरलेली, काळ ठरलेला आणि तुलनेसाठी दुसरा गट समोर. २०२० मध्ये घरोघरी उकळलेल्या काढ्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. या निबंधावर पहिले नाव डॉ. निर्मला रेगे यांचे आहे, नंतर शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि इतर सहकाऱ्यांचे, तर अगदी शेवटी डॉ. डहाणूकरांचे. आपले नाव शेवटी ठेवून सहकाऱ्यांना पुढे करणे, हेच संशोधनाचे नेतृत्व. पुढे त्या नायर रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्याच्याशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय असहकार आंदोलनाच्या लाटेत १९२१ साली जन्मलेले. २००२ साली डॉ. डहाणूकरांचे निधन झाले. त्यांनी तयार केलेली माणसे आणि उभे केलेले केंद्र मात्र कामात राहिले.

गोरेगाव ते जुहू

या परंपरेचा एक धागा आपल्या उपनगरांतूनही गेलेला आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात सिद्ध करून दाखवला आणि साऱ्या जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वळले. १९५२ साली तिच्यातील ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले ते मात्र स्वित्झर्लंडमधील ‘सिबा’ कंपनीने. मुळी आपली, अनुभव आपला, पण शेवटचा टप्पा परक्यांचा! याच कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ साली गोरेगावात उभे राहिले.

त्या केंद्रात काम केलेले डॉ. अशोक वैद्य यांनी कंपवातावर कपिकच्छूचा, म्हणजे आपल्या खाजकुयलीचा, अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जुहूच्या भारतीय विद्या भवनाच्या आयुर्वेद संशोधन केंद्रात आणि विलेपार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीत त्यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ची दिशा विकसित केली. एरवी औषध प्रयोगशाळेतून प्राण्यांकडे आणि तेथून माणसाकडे येते. येथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मानवी अनुभवापासून आरंभ करून, तो काटेकोरपणे नोंदवून, मग प्रयोगशाळेत कारण शोधायचे असते.

अभिमानाला अभ्यासाची जोड

१९९५ साली अमेरिकेने हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एकस्व दिले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या लढ्यात प्राचीन ग्रंथांच्या जोडीला भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही पुरावा म्हणून उपयोगी पडला. आजीच्या बटव्याचा अभिमान सर्वांनाच असतो. परंतु त्याचे रक्षण लिहून ठेवलेल्या, तपासलेल्या ज्ञानाने होते.

आपल्या पूर्वजांनीही अंधपणे मान डोलावली नव्हती. चरकसंहितेत वैद्यांच्या परिषदा आहेत, मतभेद आहेत, वाद कसा करावा याचे नियम आहेत. परीक्षेला भिणारी श्रद्धा ही त्या ऋषींची श्रद्धा नव्हे. आणि परीक्षा न करताच नाकारणे, याला विज्ञानही म्हणता येत नाही.

जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडून २०१५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. उपनगरातील मुलाला वैद्यक शिकण्यासाठी आता परळलाच जावे लागते असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावृत्ती देण्याची योजना १९७९ पासून चालवत आली आहे. ज्यांच्या घरात वैद्यकीय विद्यार्थी आहे, त्यांनी त्याला केवळ परीक्षेतील गुण विचारू नयेत. या वर्षी कोणता प्रश्न शोधायला घेतलास, हेही विचारावे. आणि ज्यांच्या घरात काढा उकळतो, त्यांनी तो आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. किती घेतला, किती दिवस घेतला, वनस्पती कोठून आणली, हे सांगावे. संशोधनाची पहिली नोंद तेथूनच सुरू होते.

कुंपणावरची गुळवेल पुढल्या पावसाळ्यातही बहरेल. तिला अमृत म्हणणाऱ्यांनी तिची परीक्षा घेण्याचीही जबाबदारी उचलली, तर डॉ. शरदिनी डहाणूकरांचे खरे स्मरण घडेल.