लाकडी कॅमेऱ्याची दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला ‘शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर बोलण्याची विनंती केली होती. मी ती नम्रपणे नाकारली. त्या विषयावर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्यात पुष्कळ आहेत. मी एक साधा फोटोग्राफर. चिपळूणच्या बाजारात माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता, तो पुढे मी चालवला आणि २००९ साली बंद केला. मला जे थोडेफार कळते ते या टेबलावर ठेवले आहे. मागच्या रांगेतून ही पेटी हार्मोनियमसारखी दिसत असेल. हा कॅमेरा आहे. सागवानी लाकडाचा, पितळी पट्ट्यांचा आणि मध्ये भाता असलेला.

हार्मोनियम म्हणालो ते उगाच नाही. हा ‘वागीश्वरी’ कॅमेरा केरळात आलेप्पी येथे तयार झाला. तेथे करुणाकरन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या घरी वाद्ये दुरुस्त करण्याचा धंदा. १९४०च्या दशकात एका छायाचित्रकाराने आपल्या परदेशी कॅमेऱ्याचा फाटलेला भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आणला. पेटीचा भाता करणाऱ्या हातांना तो अवघड गेला नाही. पण भाता बसवताना त्यांनी सगळा कॅमेराच नीट पाहून घेतला आणि पुढे स्वतःच कॅमेरे बनवू लागले. हिंदुस्थानातील कित्येक स्टुडिओंनी हे कॅमेरे वापरले. लहान कॅमेरे स्वस्त झाले तसा १९८०च्या दशकात त्यांचा काळ संपला.

आमच्या अब्बांनी हा कॅमेरा १९५८ साली मुंबईत जुना म्हणून घेतला. फुल प्लेटचा, म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंचांची काच किंवा फिल्म त्यात बसते. लहान फोटो हवा असेल तर स्लाइडमध्ये लाकडी चौकट घालून लहान काच बसवायची. पाठीमागे दुधी काच असते. काळ्या कापडाखाली डोके घातले की समोरचा माणूस त्या काचेवर उलटा दिसतो, पाय वर आणि डोके खाली. तो स्पष्ट दिसेपर्यंत पुढची लेन्स मागेपुढे सरकवायची, मग काचेच्या जागी स्लाइड घालायची, लेन्सवरचे झाकण काढायचे, सेकंद मोजायचे आणि झाकण परत लावायचे. बस.

१९७०च्या सुमारास आमच्याकडून आखाती देशांत जाणाऱ्यांची रीघ लागली. पासपोर्टला फोटो हवा. पुरुषांचे काही अडत नव्हते, पण आपल्या बायका अब्बांसमोर बुरखा काढायला तयार नसत. तेव्हा अब्बांनी अम्मीला कॅमेऱ्यामागे उभे केले. यात आमच्या घराण्याचा काही मोठा पराक्रम आहे असे नाही. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ सालीच स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती होता. आमची अम्मी कुराणशरीफ वाचत असे. इंग्रजी आकडे तिला येत नव्हते. तरी तालुक्यातल्या शेकडो बायकांचे पासपोर्ट तिने काढलेल्या फोटोंवर झाले. त्या फोटोंवर शिक्का मात्र अब्बांच्या नावाचा.

आता पुराकडे येतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारात कसे शिरले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. २००५च्या पुरात कॅमेरा वाचला होता, म्हणून तो दुकानाच्या पोटमाळ्यावर आहे तसाच ठेवला होता. या वेळी पाणी तिथवर पोहोचले. चार दिवसांनी पेटी उघडली तेव्हा भात्याचा लगदा झाला होता, दुधी काच फुटली होती, लाकडाचे सांधे सुटले होते आणि सगळ्यावर गाळाचा थर. मुंबईचा एक व्यापारी आत बल्ब लावून दिवाणखान्यात ठेवायला तो मागत होता. पैसेही बरे देत होता. खोटे कशाला बोलू, दोन दिवस माझा विचार चालला होता.

काम सुरू झाले ते २०२२च्या उन्हाळ्यात. त्याआधी लाकूड सावलीत ठेवून हळूहळू सुकवले. भिजलेले लाकूड उन्हात घातले तर ते वाकते आणि तडकते. माझी नात तेव्हा आठवीत होती. सुट्टीत तिला कंटाळा आला होता, म्हणून ती जवळ येऊन बसली आणि एका शंभर पानी वहीत लिहू लागली. कोणता स्क्रू कुठून काढला, पट्टी किती लांब, कुठल्या बाजूला चीर. प्रत्येक भाग सोडवण्याआधी शेजारी पोलादी फूटपट्टी ठेवून ती मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायची. मला त्याचा त्रास व्हायचा. एक स्क्रू काढायचा तर, “दादा, थांबा, फोटो झाला नाही.” चाळीस वर्षे या कॅमेऱ्यावर काम केलेल्या माणसाला आठवीतली मुलगी थांब म्हणते! शेजारचेही म्हणायचे, गणिताचे चार हिशेब सोडवले असते तर बरे झाले असते.

सांधे जोडण्यासाठी आमच्या सुताराने आजकालचा पांढरा गोंद काढला, तर मी नको म्हणालो. जुने सांधे सरसाने जोडलेले होते. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणूनच पुरात तो सुटला, हे खरे. पण त्यामुळेच लाकूड न फुटता सांधा मोकळा झाला. पक्क्या गोंदाने जोडलेला सांधा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकूड फोडूनच उघडावा लागतो. पितळेबाबत घरात वाद झाला. आमच्याकडे पितळ म्हटले की चिंच किंवा कोकम. पण या पट्ट्यांवर मुळात रोगणाचा पातळ थर असतो आणि आंबट लागले की तो जातो. म्हणून सौम्य साबणाने धुऊन तशाच ठेवल्या. चमकत नाहीत, ते तुम्हाला तिथूनही दिसत असेल.

इथवर सर्व ठीक चालले होते. मग एका दुपारी नात घरी नसताना मी तळफळी हातात घेतली. तळफळी म्हणजे ही खालची पट्टी, जिच्यावर लेन्सचा पुढचा भाग सरकतो. गाळाचे डाग गेले नव्हते. मी पॉलिश पेपर घेतला आणि घासायला बसलो. अर्ध्या तासात निम्मी फळी नव्यासारखी स्वच्छ झाली. मी खूष.

संध्याकाळी नातीने विचारले, “इथल्या रेघा कुठे गेल्या?”

मी म्हणालो, कसल्या रेघा? तिने फोटो मोठा करून दाखवला. फळीच्या कडेला, दातेरी पट्टीच्या बाजूला, चाकूने ओढलेल्या तीन बारीक आडव्या रेघा होत्या. दोन मी घासून टाकल्या होत्या. एक राहिली होती. फोटो पाहिला आणि माझ्या डोळ्यांसमोर अम्मीचा हात आला. काळ्या कापडाखाली जाण्याआधी ती या कडेवरून बोट फिरवायची. लहानपणी मी ते शेकडो वेळा पाहिले होते. मला वाटायचे धूळ पुसते. धूळ कसली? तिला पट्टीवरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिने आपले आकडे स्वतः कोरले होते. माणूस जवळ बसला तर लेन्स इथवर, थोडा लांब बसला तर इथवर आणि मुलांसकट सगळे कुटुंब उभे असेल तर इथवर.

अम्मीला जाऊन आता बावीस वर्षे झाली. तिच्या हातचे लिहिलेले एक पत्रही आमच्याकडे नाही. ज्या दोन रेघा होत्या त्या मी माझ्या हाताने पुसल्या.

नातीच्या फोटोत शेजारी फूटपट्टी होती म्हणून अंतरे तरी मिळाली. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत सुमारे पाऊण इंच, दुसऱ्या आणि तिसऱ्यात अर्ध्या इंचाहून थोडे जास्त. सुतार म्हणाला, त्याच जागी पुन्हा रेघा ओढून देतो, कुणाला कळणार? मला ते पटले नाही. त्या रेघा सुताराच्या झाल्या असत्या. वहीत तो फोटो चिकटवला, खाली मापे लिहिली आणि ‘दोन खुणा अमुक तारखेला दुरुस्ती करणाऱ्याच्या चुकीने गेल्या’ असे नातीने माझ्यादेखत लिहिले. मी खाली सही केली.

भात्याची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. बाहेरून कापड, आतून काळे कापड आणि मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या. प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये दोनएक मिलिमीटरची फट हवी, नाही तर घडी पडत नाही. भाता पुढे निमुळता असतो, म्हणून एकही पट्टी दुसरीसारखी नाही. जुन्या भात्याचा लगदा फेकायच्या आधी घड्या मोजून ठेवल्या होत्या, हे नशीब. आमचे एक बाइंडर मित्र आहेत, शाळेच्या रजिस्टरांची बांधणी करणारे. त्यांनी कापड आणि खळ दिली. कागदावर समलंब चौकोन काढून मापे नातीने ठरवली. गणिताचे हिशेब म्हणाल तर ते हेच होते. पहिला भाता कोपऱ्यांत घडी घेईना, तो फुकट गेला. दुसरा जमला. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा लावला आणि बाहेरून पाहिले. सात ठिकाणी तारे चमकले. तितकी ठिगळे लावली.

दुधी काच बाजारात मिळते, पण ती फार भरड असते. तिच्यावर डोळ्याची पापणी ओळखू येत नाही. म्हणून साध्या काचेवर बारीक कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून दुसऱ्या काचेने गोल गोल घासली. पाऊण तासात काम होते. यात एक मेख आहे. घासलेली बाजू लेन्सकडे हवी आणि ती नेमकी त्याच खोलीवर बसायला हवी जिथे स्लाइडमधली फिल्म बसते. केसभर फरक पडला तरी काचेवर स्पष्ट दिसलेला चेहरा फोटोत अंधुक येतो. आणि जुनी काच तर फुटून गेलेली. चौकटीत ती किती आत बसत होती ते नातीने फोटो काढताना मोजून ठेवले होते. ते माप स्लाइडच्या मापाशी पडताळले, जुळले.

इथे जाता जाता एक गोष्ट. आपल्या सभांमधून कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसम यांनी लावला असे पुष्कळदा सांगितले जाते. कॅमेरा त्यांनी बनवला नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत काम करताना त्यांनी सूर्यग्रहणाच्या वेळी लहान छिद्रातून पडणारी सूर्याची कोर पाहिली आणि छिद्र लहानमोठे केल्यावर तिचे काय होते ते तपासून सविस्तर लिहून ठेवले. माझ्या मते तो मोठेपणा पुरेसा आहे. त्यात आपण पदरची भर घालू नये.

आता फोटो कशावर काढायचा? त्या काचा आता सहज मिळत नाहीत आणि या मापाची फिल्म मिळालीच तर महाग. आम्ही फोटोचा कागद मापाने कापून स्लाइडमध्ये घातला. तो लाल दिव्यात हाताळता येतो. फिल्मपेक्षा फार मंद असतो, पण झाकण काढून सेकंद मोजणाऱ्याला मंद कागदच सोयीचा. त्याच्यावर उलटे चित्र येते, काळ्याचे पांढरे. ते दुसऱ्या कागदाला चिकटवून छापले की सरळ.

बसायला माझी थोरली बहीण, आमची आपा, आली. १९७४ साली तिचा पासपोर्टचा फोटो अम्मीने याच कॅमेऱ्यावर काढला होता. आम्ही लेन्स दुसऱ्या रेघेच्या जागी आणून पक्की केली आणि स्टूल मागेपुढे सरकवत राहिलो. नात कापडाखाली होती. एका जागी ती ओरडली, “पापण्या दिसतात!” मापले तर लेन्सपासून बरोबर आठ फूट. पहिल्या रेघेला सहा फूट आले, तिसऱ्या रेघेला बारा. पुरानंतर स्टुडिओची फरशी बदलली, भिंती नव्याने रंगवल्या, पण अम्मी बायकांना कुठे बसवत होती ते आम्हाला कळले. मी मोठ्या उत्साहाने आपाला म्हणालो, बघ, तू इथेच बसली होतीस. आपा म्हणाली, “इथे नाही. खिडकी त्या बाजूला होती.” खिडकी खरोखरच त्या बाजूला होती. अंतर बरोबर होते, दिशा चुकली होती. तेही वहीत गेले.

सहा सेकंद झाकण उघडे ठेवले. आपा चौथ्या सेकंदाला बोलू लागली. तो फोटो हलला. दुसरा बरा आला, तो बाहेर दाराशी लावला आहे.

वही शाळेच्या वाचनालयात ठेवायला दिली आहे. सोळा पाने अजून कोरी आहेत, कारण लेन्सच्या आत वाढलेली बुरशी काढायचे काम राहिले आहे आणि तिच्या पितळी कड्या अजून सुटलेल्या नाहीत. कुणा पालकांना लेथवर काम करण्याचा अनुभव असेल तर कृपया मला भेटावे. जोर लावायचा नाही, एवढी एकच अट.

कार्यक्रम संपल्यावर कॅमेरा येथेच राहील. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रांगेने यावे, लहान मुलांनी आधी. माझी नात लेन्ससमोर स्टूलावर बसेल. कापडाखाली गेल्यावर ती उलटी दिसेल, घाबरू नये. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो.