इशारा दारापर्यंत : बांगलादेश रेड क्रिसेंटची वादळपूर्व तयारी

१२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री, ऐन भरतीच्या वेळी, बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. भोला, हातिया, मनपुरा ही बेटे पाण्याखाली गेली. मृतांचा आकडा तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितला जातो. आकड्यांत एवढा फरक राहण्याचे कारण असे, की अनेक ठिकाणी घरेच्या घरे नाहीशी झाली आणि कोण गेले हे सांगायलाही कोणी उरले नाही. भोला बेटावरच्या तजुमुद्दीन भागातली ४५ टक्क्यांहून अधिक वस्ती एका रात्रीत संपली. नंतरच्या वैद्यकीय पाहणीत मृतांपैकी निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुले असल्याचे आढळले. लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा एक तृतीयांशच होता. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर आणि दंडांच्या आतल्या बाजूला खोल खरचटल्याच्या जखमा होत्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहण्याइतके बळ ज्यांच्या हातांत होते, ते तगले.

या आपत्तीतली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच आहे. वादळ येते आहे, हे त्या भागातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना माहीत होते. तरीही पक्क्या इमारतीचा आसरा घेणारा शंभरात एखादाच निघाला. तीनच आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, असाच इशारा मिळाला होता आणि ते वादळ मानाने सौम्य ठरले होते. शिवाय जायचे तरी कोठे, हा प्रश्न होताच. बेटे सपाट, घरे कुडाची, पक्की इमारत मैलोन्‌मैल नाही, आणि गोठ्यातली गुरे हीच सगळी मालमत्ता. रेडिओवरचा आवाज राजधानीतला आणि अनोळखी. त्याच्या शब्दावर अंधाऱ्या पावसात पोरेबाळे घेऊन घराबाहेर पडणे सोपे नसते. आपत्ती व्यवस्थापनाच्या परिषदांत उपग्रह, रडार आणि अंदाजाची अचूकता यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु माहिती पोहोचूनही माणसे हलली नाहीत, ही १९७०ची गोष्ट त्या चर्चेच्या आधी ठेवली पाहिजे. बांगलादेशातल्या राष्ट्रीय मानवतावादी संस्थेने पुढची पन्नास वर्षे जे काम उभे केले, ते नेमके याच जागेवर.

अशी संस्था म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. सॉल्फेरिनोच्या १८५९च्या लढाईनंतर आंरी द्युनां यांच्या प्रयत्नांतून रेडक्रॉसची चळवळ सुरू झाली. तिच्या नियमानुसार प्रत्येक देशात एकच राष्ट्रीय संस्था असते, रेडक्रॉस किंवा रेड क्रिसेंट. ती देशाच्या कायद्याने स्थापन होते आणि मानवतावादी कामात शासनाची साहाय्यक असते. मात्र निर्णय आपल्या तत्त्वांनुसार घेण्याचे स्वातंत्र्य तिने राखायचे असते. बांगलादेशात १९७३च्या राष्ट्रपती आदेशाने रेडक्रॉस संस्थेला कायदेशीर रूप मिळाले आणि १९८८मध्ये तिचे नाव रेड क्रिसेंट झाले. शासनाच्या आत नाही आणि बाहेरही नाही, ही तिची जागा अनेकदा अडचणीची वाटते. वादळाच्या बाबतीत तीच जागा उपयोगी पडली. हवामान खात्याची बातमी अधिकृतपणे हाती येते, आणि ती घेऊन जाणारा माणूस गावातलाच असतो.

किनाऱ्यावर इशाऱ्याची व्यवस्था असावी, हा विचार १९७०च्या आधीचाच. १९६०च्या दशकाच्या मध्यावर रेडक्रॉस संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाने आणि स्वीडिश रेडक्रॉसने तेथे प्रायोगिक काम सुरू केले होते. ते लहान होते आणि भोलाच्या वादळापुढे पुरे पडणे शक्य नव्हते. १९७२मध्ये त्याचा विस्तार करून ‘चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम’ आखला गेला आणि पुढच्या वर्षी तो शासन व रेडक्रॉस यांचा संयुक्त उपक्रम झाला. आज त्यात किनारपट्टीवर ३,८०१ गट आहेत. प्रत्येक गटात वीस स्वयंसेवक, दहा पुरुष आणि दहा स्त्रिया, एकूण ७६,०२०. पगारी कर्मचारी त्या मानाने अगदी मोजके आहेत.

गटातली वीस माणसे पाच कामांत विभागलेली असतात : इशारा देणे, निवाऱ्यात नेणे, शोध व सुटका, प्रथमोपचार, आणि मदतवाटप. हे स्वयंसेवक शेतकरी, मासेमार, शिक्षक, दुकानदार, गृहिणी असे आपापल्या वस्तीतलेच असतात. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाची सून दिवस भरलेली आहे, कोणाचा मुलगा होडी घेऊन समुद्रात गेला आहे, हे त्यांना कागद न पाहता माहीत असते. बाहेरून आलेल्या पथकाला हीच माहिती गोळा करायला दोन दिवस लागतील, आणि वादळ तेवढे थांबत नाही.

संदेशाचा प्रवास ठरलेला आहे. हवामान खात्याचे पत्रक ढाक्यातल्या नियंत्रण कक्षात येते. तेथून बिनतारी यंत्रणेवर ते उपजिल्ह्यांच्या कार्यालयांना जाते, तेथून युनियन या सर्वांत खालच्या प्रशासकीय पातळीला, आणि मग गटाला. मोबाइल फोन आल्यानंतरही बिनतारी संच मोडीत काढलेले नाहीत, कारण वाऱ्यात पहिल्यांदा कोसळतो तो फोनचा मनोरा. गटाकडे ट्रान्झिस्टर, कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, विजेरी, रेनकोट आणि गमबूट असे साधे साहित्य असते. वीज गेली तरी यातले बहुतेक चालते.

मग बावटे लागतात. चार नंबरचा इशारा आला की एक बावटा, पाच ते सातला दोन, आठ ते दहाला तीन. ही सोपी रीत काढावी लागली, कारण मूळ क्रमांक बंदरातल्या जहाजांसाठी ठरवलेले आहेत. कोकणातल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी ऐकणाऱ्यांना ही पद्धत परिचित आहे. बांगलादेशातल्या पाच, सहा आणि सात या क्रमांकांत धोक्याची पातळी एकच असते. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार, एवढेच ते आकडे सांगतात. कप्तानाला ही माहिती मोलाची. शेतकऱ्याला मात्र सहापेक्षा सात म्हणजे जास्त वाईट असेच वाटणार. गावाला दिशा नको असते, आता काय करायचे ते हवे असते. एक बावटा म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे तयारी करा, तीन म्हणजे निघा. मोठ्या यंत्रणांनी आपले तांत्रिक शब्द लोकांच्या कृतीत कसे उतरवावेत, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

तयारीचा मोठा भाग मात्र वादळ नसतानाच्या दिवसांत होतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे दोन हंगाम. त्यांच्या आधी सराव होतात, भोंग्यांची आणि संचांची तपासणी होते, बाजाराच्या दिवशी नाटुकली केली जातात, शाळांत मुलांना बावट्यांचा अर्थ शिकवला जातो. या कामाची बातमी होत नाही आणि त्यासाठी देणग्याही सहज मिळत नाहीत. पाण्यात बुडालेल्या गावाचे छायाचित्र पाहून जो पैसा येतो, तो गंजलेला भोंगा बदलायला येत नाही. म्हणून नेहमीचा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकात असणे ही या कार्यक्रमाच्या टिकण्यामागची मोठी बाजू आहे.

२९ एप्रिल १९९१च्या वादळाने या व्यवस्थेची कठोर परीक्षा घेतली. चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे सहा मीटर उंचीची लाट आली आणि जवळजवळ १,३८,००० माणसे मेली. इशारा वेळेत गेला होता, स्वयंसेवक दारोदार फिरले होते. पण निवारे काही शेच होते, आणि लाखो लोकांना तेवढ्यांत जागा मिळणे शक्य नव्हते. पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया मेल्या, हे या वादळाचे दुसरे सत्य. घर आणि मुले सोडून निघण्याचा निर्णय बाईने एकटीने घ्यायचा नाही, नवरा येईपर्यंत थांबायचे, ही रीत. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची, तेथे वेगळी खोली नाही, शौचालय नाही, हा संकोच. पोहण्याची सवय नाही, आणि पाण्यात साडी पायांत अडकते. इशारा देणारे बहुतेक पुरुष होते. ते अंगणात उभे राहून घरच्या पुरुषाशी बोलत आणि पुढे जात. पुढे गटांत स्त्रियांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवून निम्म्यावर आणली गेली, ती या अनुभवातून. बाईचा शब्द माजघरापर्यंत जातो. हा बदल व्हायला बराच काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत बायकांनीच मोजली, हे नोंदवणे आवश्यक आहे.

निवाऱ्यांची रचनाही बदलली. काँक्रीटच्या उंच खांबांवर इमारत, खाली मोकळी जागा, म्हणजे लाट आली तर पाणी आरपार जाते. वर्षभर तेथे शाळा भरते. केवळ वादळासाठी बांधलेली इमारत दहा वर्षांत पडीक होते, तिची किल्ली कोणाकडे आहे हे ऐन वेळी कोणाला सांगता येत नाही. शाळेच्या इमारतीचे दार रोज उघडते आणि तिची वाट मुलांच्या पायाखालची असते. गुरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधतात, त्याला किल्ला म्हणतात. जनावरांची सोय दिसली की माणसे निघतात.

नोव्हेंबर २००७मध्ये सिद्र हे अतितीव्र वादळ आले. मृत्यू सुमारे ३,४०० झाले. मे २०२०च्या अम्फानच्या वेळी करोनाची साथ सुरू होती. तरी चोवीस लाखांवर लोक हलवले गेले, अंतर राखता यावे म्हणून निवाऱ्यांची संख्या काही पटींनी वाढवण्यात आली, आणि बांगलादेशातली जीवितहानी काही डझनांच्या आत राहिली. पटुआखाली जिल्ह्यात इशारा देत फिरणाऱ्या एका स्वयंसेवकाची होडी उलटली आणि तो बुडाला, त्याचीही गणना त्यातच आहे. मृत्यूंतली ही घट एकट्या या कार्यक्रमामुळे झाली असे म्हणता येणार नाही. अंदाज सुधारले, रस्ते आणि बांध झाले, प्रत्येक वादळाची वाटही वेगळी होती. परंतु तीन बावटे दिसल्यावर माणसे निघू लागली, हे नवे होते.

वादळ गेल्यावरचे काम बाहेरच्या जगाला अधिक दिसते. पहिले काही तास गटच शोध घेतो, जखमा बांधतो, अडलेले रस्ते मोकळे करतो. मग जिल्हा शाखेकडून नुकसानीची पाहणी, पोहे, मुरमुरे, गूळ यांसारखे चुलीशिवाय खाता येणारे अन्न, पिण्याचे पाणी, ताडपत्री, आणि ताटातूट झालेल्यांचा शोध. मदत कोणाला आधी द्यायची हे गरजेवरून ठरावे, हा निःपक्षपातीपणाचा नियम छापील पत्रकात सोपा दिसतो. यादी करणारा माणूस गावातला असला की नातेवाईक आणि पुढारी दोघांचाही दबाव येतो, आणि जी ओळख इशारा देताना उपयोगी पडली तीच येथे अडचण होते. म्हणून यादी उघडपणे वाचून दाखवणे आणि तक्रारीची सोय ठेवणे यांना महत्त्व आहे.

अलीकडे मदतच आधी देण्याचा प्रयोग सुरू झाला आहे. २०१७च्या पुरात, ब्रह्मपुत्रेचे पाणी चढण्याच्या अंदाजावरून, रेड क्रिसेंटने बोगुरा जिल्ह्यातल्या हजारावर कुटुंबांना प्रत्येकी ५,००० टका रोख दिले. नंतरच्या अभ्यासात या कुटुंबांचे खाणे तुलनेने बरे राहिल्याचे आणि चढ्या व्याजाचे कर्ज कमी झाल्याचे दिसले. सावकाराच्या दारात जाण्याआधी हातात आलेली रक्कम लहान असली तरी तिचा उपयोग मोठा.

जीव वाचला म्हणजे संसार वाचला, असे मात्र नाही. मे २००९च्या आयला वादळात मृत्यू त्या मानाने कमी झाले, सुमारे १९०. पण नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे बांध फुटले आणि शेतांत खारे पाणी शिरले. भरती-ओहोटीबरोबर ते आत-बाहेर होत राहिले, भाताची जमीन वांझ झाली, आणि हजारो कुटुंबांनी पुढचा दीर्घ काळ बांधावरच्या झोपड्यांत काढला. अशा संकटाला बावटा नाही, आणि स्वयंसेवकांच्या गटाचे हात तेथे अपुरे पडतात.

हीच मर्यादा कॉक्स बाजारच्या छावण्यांत आणखी तीव्रतेने दिसते. ऑगस्ट २०१७नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तेथे आले आणि उघड्या केलेल्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत राहू लागले. रेड क्रिसेंट आणि पूर्वतयारी कार्यक्रमाने तेथेही निर्वासितांमधूनच स्वयंसेवक तयार केले, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, आणि इशाऱ्याची तीच पद्धत शिकवली. पण छावणीत पक्के बांधकाम करायला परवानगी नाही, आणि बाहेर जाण्याची मुभाही नाही. तिसऱ्या बावट्याचा अर्थ तेथे ‘निघा’ असा होऊ शकत नाही. म्हणून दोर बांधून छप्पर घट्ट करणे, दरडीखालच्या झोपड्यांतल्या लोकांना छावणीतल्याच शाळेत किंवा मशिदीत हलवणे, नाले उपसणे, एवढे काम स्वयंसेवक करतात. १४ मे २०२३ रोजी मोखा वादळ आले, तेव्हा त्याचा मुख्य मारा म्यानमारच्या किनाऱ्यावर झाला. छावण्यांतल्या हजारो झोपड्या मोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच स्वयंसेवक बांबू गोळा करत होते.