रासायनिक अभियांत्रिकी : विद्यापीठाची निवड



रासायनिक अभियांत्रिकी घ्यावयाची हे पुष्कळ घरांत ठरलेले असते. ती कोठे घ्यावयाची हा प्रश्न मात्र शेजारच्या मुलाने काय केले यावरून सुटतो. चार वर्षे आणि घरची बरीचशी शिल्लक ज्यात गुंतावयाची, तो निर्णय असा परभारे होऊ नये.

प्रथम या विद्येचे स्वरूप ध्यानात घ्यावे. रसायनशास्त्रज्ञ चंचुपात्रात पदार्थ तयार करतो. अभियंत्यास तोच हजारो लिटरच्या भांड्यात करावयाचा असतो. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दहापट केली तर आतील द्रव्य हजारपट होते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. चंचुपात्रात निरुपद्रवी भासलेली प्रक्रिया कारखान्यात घातक ठरू शकते, ती यामुळे. हे ज्ञान केवळ फळ्यावर येत नाही. म्हणून इमारतीच्या दर्शनी भागापेक्षा प्रयोगशाळा पाहून यावी. ऊर्ध्वपातनाचा स्तंभ चालू आहे की त्यावर धूळ साचली आहे, हे कोणाही पालकास कळते.

गोमंतकातील विद्यार्थ्यास झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा परिसर घराजवळ आहे. तो २००४ साली सुरू झाला. प्रवेश त्या संस्थेच्या स्वतंत्र परीक्षेने होतो. शुल्क मात्र शासकीय संस्थांपेक्षा पुष्कळ अधिक. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, त्या परंपरेत १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची तंत्रशाखा वाढली. मुंबईत माटुंग्याची संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघाली व २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली. माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेथीलच १९६६ सालचे पदवीधर.

माटुंग्यास एक गोष्ट नीट पाहावी. तेथे रासायनिक अभियांत्रिकीची पदवी निराळी आणि रंग, तेले, औषधे इत्यादींच्या तंत्रज्ञानाची निराळी. दुसरी कमी प्रतीची नव्हे, परंतु ती एका उद्योगाकडे लवकर वळविते. अठराव्या वर्षी आवड निश्चित नसेल तर पहिलीच बरी. नावांच्या साम्यामुळे अर्जात गफलत झाली, तर ती पुढे दुरुस्त होणे कठीण.

नोकऱ्यांचे आकडे सर्वच संस्था उत्साहाने सांगतात. त्यांपैकी किती जण रासायनिक कारखान्यांत गेले आणि किती संगणक कंपन्यांत, हे विचारावे. सरासरी वेतनाच्या आकड्यात हा भेद लपून जातो. अभ्यासक्रमास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे मानांकन आहे काय, हेही विचारावे.

परराज्यात अर्ज करताना तेथील रहिवासाचे नियम आधी वाचावेत. सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळा गट आहे. बेळगाव परिसरातील शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा. रहिवासाचे दाखले निकालापूर्वीच काढून ठेवावेत, कारण निकालानंतर मामलेदार कचेरीत रांग लागते आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.