साडेतीन टक्के : गिरणी, बाजार आणि राजसत्ता



व्यापाऱ्याने राजकारणापासून चार हात दूर राहावे, आपण बरे आणि आपली पेढी बरी, असा उपदेश आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी पिढ्यानपिढ्या करीत आली. आडत आणि सावकारीच्या काळात तो निभावलाही. परंतु वाफेचे यंत्र आले, हजारो चात्या एका छपराखाली फिरू लागल्या आणि भांडवल इमारतीत व यंत्रांत अडकून पडले. पेढी गावोगाव हलविता येते. गिरणी हलविता येत नाही. ज्याची संपत्ती हलत नाही, त्याला कायदा कोण करतो याची चौकशी करावीच लागते.

मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ती आधीच केली होती. १८३२ च्या सुधारणा कायद्याने त्या शहराला पार्लमेंटात दोन जागा मिळाल्या. १८४६ मध्ये रिचर्ड कॉब्डेन या छापील कापडाच्या व्यापाऱ्याने उभारलेल्या चळवळीपुढे बडे जमीनदार नमले आणि धान्यावरील आयात कर उठविण्याचा निर्णय झाला. पुढे त्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या जकातीकडे वळली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तर अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची १८६१ मध्ये. या स्पर्धेची चाहूल लागताच विलायती कापडावरील जकात लँकेशायरच्या डोळ्यांत सलू लागली. १८७७ मध्ये दख्खन दुष्काळाने होरपळत असताना लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सने ही जकात उठविण्याचा ठराव केला. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी स्वतःच्या कौन्सिलचे बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडाला माफी दिली, आणि १८८२ मध्ये उरलेली जकातही गेली. १८९४ मध्ये तिजोरीला तूट आली म्हणून पाच टक्के जकात परत आली खरी, पण तिच्या जोडीला येथील गिरण्यांच्या वीस नंबर व त्यावरील सुतावर तितकाच अबकारी कर बसला. १८९६ मध्ये सूत मोकळे झाले आणि विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, तर देशी गिरणीच्या सर्व कापडावर साडेतीन टक्के अबकारी, अशी बरोबरी साधण्यात आली.

साडेतीन टक्के म्हणजे किरकोळ, असे कापडाच्या गादीवर कधी न बसलेल्यालाच वाटेल. जाड्याभरड्या मालात कित्येकदा तेवढाही नफा सुटत नाही. शिवाय हा माल गरिबाच्या अंगावरचा. लँकेशायरच्या तलम कापडाशी त्याची स्पर्धाच नव्हती.

पुण्यात लोकमान्य टिळकांनी या कराविरुद्ध लेखणी चालविली आणि स्वदेशीचा प्रश्न बाजारपेठेत आला. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मालकांपाठोपाठ कामगारही राजकारणात उतरला होता.

१९१८ चा अहमदाबादचा लढा आपल्याला अधिक जवळचा. प्लेगचा भत्ता बंद झाल्यावर कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले, गांधीजींनी ३५ ठरविले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. घराणे जैन. परिग्रहाची मर्यादा कोठे आखावी, हा प्रवचनातला प्रश्न तेथे एकाच घरात उभा राहिला. गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणाने तडजोड झाली. लवादाने पुढे ३५ टक्केच दिले.

१९२३ मध्ये कस्तुरभाई लालभाई अहमदाबादच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्षपद प्रदीर्घ काळ सांभाळणाऱ्या या गृहस्थाला ‘पेढी बरी’ एवढे पुरेसे वाटले नाही, हे लक्षणीय होय. कारण साडेतीन टक्के अजून तसेच होते.

ते गेले कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९२५ मध्ये मंदीचे कारण दाखवून मुंबईच्या मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून संपावर गेले. अबकारी उठल्यास कपात मागे घेऊ, अशी भूमिका मालकांनी घेतली. तीन दशकांच्या अर्जविनंत्यांनी न हललेले सरकार डिसेंबरात हलले, कराची वसुली थांबली, कपात रद्द झाली आणि भोंगे पुन्हा वाजू लागले. १९२६ मध्ये तो कर कायमचा गेला. मँचेस्टरच्या मालकांच्या मतांनी बसलेला कर अखेर मुंबईच्या कामगारांच्या उपासमारीने उठला. सवलत मात्र मालकांच्या वहीत जमा झाली.