धुरा आणि पाटी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आपल्या ज्ञातीतील अनेक मुले तेथे कामास लागली. मुलगा काय करतो असे विचारले की पालक म्हणतात, “जुन्या प्रोग्राममधील चुका दुरुस्त करतो.” हे सांगताना त्यांचा स्वर किंचित ओशाळतो. तो का ओशाळू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

शेतकऱ्याच्या घरी धुऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. खाती व सातबारे साठविणाऱ्या डेटाबेसमध्येही असेच धुरे असतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक पान साधारणतः ८१९२ बाइटांचे. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचे घर ८१९१ वे. प्रोग्राममध्ये ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘तेवढे किंवा कमी’ असे लिहिले गेले, की लेखणी धुरा ओलांडून शेजारच्या घरात उतरते. नुकसान पुष्कळदा तत्काळ दिसत नाही. दिसते तेव्हा भलत्याच ठिकाणी.

दुसरी चूक पाटीची. सी भाषेत मागून घेतलेली स्मृती कोरीच असेल असा भरवसा नाही. आधीचा मजकूर तीवर राहिलेला असू शकतो. ती न पुसता, अर्धीच भरून पुढे दिली, तर एकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती पडते.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा उपद्रव जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आलेल्या मजकुराची लांबी न मोजताच तो ठरावीक जागेत उतरविला जात असे. अवघ्या ३७६ बाइटांच्या निरोपाने किमान ७५,००० यंत्रे ग्रासली. त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. अमेरिकेत बँकेची एटीएम यंत्रे अडली. खेदाची गोष्ट ही, की दुरुस्ती जुलै २००२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुष्कळांनी ती बसविलीच नव्हती!

तरुण मित्रहो, लिहिण्यापूर्वी लांबी मोजा. स्मृती घेताच पुसा. परीक्षा मधल्या आकड्यांची नव्हे, कडेच्या आकड्यांची घ्या: शून्य, एक, शेवटचा आणि त्याच्या पुढचा. व्हॅलग्राइंडसारखी साधने हाताशी असू द्या. आणि पालकहो, नवी इमारत बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते. भेग बुजविणाऱ्याचे येत नाही. पण घरातील माणसे निर्धास्त झोपतात ती त्याच्याच भरवशावर. अशा मुलांचे काम अभिमानाने सांगा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.