चार गड राज्याच्या राखणीला

रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पण राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि समुद्रातला खांदेरी यांची राखण राज्य शासनाचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत हे चारही आहेत.

राजगडावर गेलात तर संजीवनी माची चुकवू नका. तिथं तटाच्या आत दुसरा तट आहे. दोन्हींमधल्या अरुंद वाटेत उतरा. बाहेरचा तट शत्रूनं फोडला, तरी आतला उभाच! केवढी ही दूरदृष्टी! अशा दगडावर नाव कोरणं कायद्यानं गुन्हा आहे. कुणी कोरताना दिसलं, तर तिथल्या तिथे अडवा. दंड वसूल होईल, पण उडालेली कपची परत बसत नाही.